कळंबे बाबूजींची पोच

कळंबे बाबूजी गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. त्यांच्या मुलानं नागपूरहून निरोप टाकला होता. वर एक तेवता दिवा, मध्ये जोडलेले दोन हात, खाली तेरवीची तारीख. सौंसरात पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तेरवीच्या पत्रिका छापणाऱ्या माणसाची स्वतःची पत्रिका काही छापली गेली नाही. मी तशीच चपला घालून चौकात गेले आणि त्या निरोपाची कागदावर प्रत काढून मागितली. झेरॉक्सवाला म्हणाला, "कागद कायले पायजे काकू? मोबाइलमंदी तं हाय."

मी म्हटलं, "मोबाइल जाते बाप्पा. कागद राह्यते."

हे वाक्य माझं नाही, बाबूजींचं. माझ्या तोंडून ते असं भसकन बाहेर पडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं, कारण ते वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

माझं फॉल-पिकोचं दुकान आणि त्यांचा छापखाना यांच्यामध्ये एकच भिंत. त्यांची पायमशीन चालू झाली की माझ्या भिंतीवरच्या कात्र्या खिळ्यावर हलायच्या. माणूस काटक, पँट बरगड्यांपर्यंत ओढलेली, कानावर पेन्सिल आणि गळ्यात सुतळीला बांधलेलं भिंग. पांढुर्ण्यात, लोधीखेड्यात सगळीकडे कॉम्प्युटरवर पत्रिका निघायला लागल्या, रंगीत, चमकदार, गणपतीच्या सोंडेवर सोनेरी वर्ख. बाबूजी मात्र शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, एकेक उचलून जुळवत बसायचे. एका बाजूला मराठी, कारण नातेवाईक काटोल-नरखेडचे. दुसऱ्या बाजूला हिंदी, कारण आमचं सौंसर मध्य प्रदेशात आणि नवरदेवाचे साहेब भोपाळचे.

आता त्यांच्या वेडाबद्दल सांगते.

त्यांनी तरुणपणी कोण्या एका मास्तरांचं संत्र्याच्या कलमांवरचं पुस्तक छापलं होतं. चाळीस पानांचं. तेव्हा त्यांना कोणीतरी सांगितलं की कायदा आहे, छापलेल्या पुस्तकाची एक प्रत देशाच्या मोठ्या ग्रंथालयाला पाठवावी लागते. ते ग्रंथालय इथून दीड दिवसाच्या गाडीच्या अंतरावर. बाबूजींनी प्रत पाठवली. दुसरा कोणी असता तर तिथंच थांबला असता. बाबूजींनी कायदा मागवला, भिंगाखाली धरून वाचला, आणि ठरवलं की आपल्या मशीनमधून जे जे निघेल त्याची एक प्रत देशाला गेली पाहिजे. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, रोपवाटिकेचं भावपत्रक, जामसांवळीच्या भंडाऱ्याची पत्रकं, सगळं. दर शनिवारी सकाळी खाकी कागदात पाकीट बांधायचं, त्यावर नंबर घालायचा, पोस्टात द्यायचं आणि तिथून बसनं जामसांवळीला मारुतीच्या दर्शनाला जायचं. इतकी वर्षं, एक शनिवार न चुकता.

मी एकदा म्हटलं, "बाबूजी, कायद्यात पुस्तक लिहिलं हाय. पत्रिका म्हणजे पुस्तक काय?"

"पुस्तकात माणूस काईबी लिहू शकते शोभाबाई," ते म्हणाले. "लग्नाच्या पत्रिकेत नाई लिहू शकत. एवढे सोळा मामा कोणी खोटे छापीन काय?"

मी फॉल लावत बसले.

गिऱ्हाईक आलं की ते आधीच बजावून ठेवायचे. "बोललं ते वारं, लिहिलं ते आपलं, छापलं ते देशाचं. इचार करून सांगा." पाळण्याची पत्रिका छापायला आलेला साधा बाप घाबरून घरी जायचा आणि बाळाचं नाव पुन्हा एकदा बायकोला विचारून यायचा. एकदा वॉर्डाच्या निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार आला. कागदावर लिहून आणलं होतं, 'चोवीस तास पाणी'. बाबूजींनी पेन्सिल कानावरून काढली.

"चोवीस छापू?"

"हाव, छापा ना."

"पक्कं? शंभर वर्षांनी कोणी वाचलं अन् तुमच्या पणतूले इचारलं, तं तो काय सांगीन?"

उमेदवारानं घाम पुसला. चोवीसचे बारा झाले, बाराचे सहा झाले. शेवटी 'पाण्याचा विचार करू' एवढंच छापलं गेलं. आणि तो निवडून आला, ही त्यातली गंमत. लोक म्हणाले, एक तरी माणूस खरं बोलला.

स्वतःची चूकही ते लपवायचे नाहीत. लोधीखेड्याच्या एका लग्नात त्यांनी बावीस तारखेऐवजी एकवीस छापली आणि नवरदेवाकडचे साठ पाहुणे आदल्या दिवशीच मांडवात येऊन बसले. मांडव म्हणजे नुसते बांबू. मुलीचा बाप काठी घेऊन छापखान्यात आला. बाबूजींनी हात जोडले, पुन्हा पत्रिका छापून दिल्या, आणि शनिवारी दोन्ही पत्रिका पाकिटात घातल्या. मी म्हटलं, चुकीची कशाला पाठवता, इभ्रत जाईल. तर म्हणाले, "साठ लोक आले होते ना एकवीस तारखेले? मंग ते खोटं कसं झालं?"

असा माणूस. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. पोच. ग्रंथालयाकडून एक ओळीचा कागद, की तुमचं पाकीट मिळालं. पोस्टाच्या पावत्या त्यांनी जाड वहीत डकवून ठेवल्या होत्या, पण त्यांचं समाधान नव्हतं. "पोस्टानं घेतलं, हे पोस्ट सांगते. त्याईले भेटलं का, हे कोण सांगीन?" दर सोमवारी भिंतीपलीकडून विचारायचे, "शोभाबाई, माह्या नावाचं काई आलं?" मी चिडून एकदा म्हटलं, "जामसांवळीच्या मारुतीले दर शनिवारी नारळ देता. त्यानं कधी पोच देल्ली?"

"मारुती सरकारी नाई ना बाई," ते शांतपणे म्हणाले. "सरकारी हाय त्यानं पोच द्यावी लागते."

अकरा वर्षांपूर्वी सुमनकाकू गेल्या. बाबूजींच्या बायको. त्या कधी फार बोलल्या नाहीत, पण सौंसरातली प्रत्येक पत्रिका त्यांच्या बोटांनी घडी घातलेली असायची. काकूंच्या तेरवीची पत्रिका बाबूजींनी स्वतः जुळवली. चार ओळींना तीन दिवस लागले. मी चहा घेऊन गेले की हातात एकच खिळा धरून बसलेले असायचे. छापून झाल्यावर पहिली प्रत त्यांनी देवापुढे ठेवली आणि दुसरी शनिवारच्या पाकिटात घातली.

आणि नेमकं तेच पाकीट परत आलं.

बाबूजी दुपारी बारा ते तीन शटर ओढून झोपायचे, हे पोस्टमनला ठाऊक होतं. तेवढ्या वेळात त्यांचं जे काही येईल ते तो माझ्याकडे ठेवायचा. मी पाकिटावर ग्रंथालयाचा पत्ता पाहिला. इतक्या वर्षांनी पोच आली, म्हणून मी ते फोडलं. दुसऱ्याची डाक फोडू नये, मला कळतं, पण फोडली. आत काकूंची पत्रिका होती आणि सोबत एक छापील पत्र. फार सभ्य भाषेत लिहिलं होतं की असं साहित्य कायद्यात बसत नाही, कृपया यापुढे पाठवू नये, सधन्यवाद परत.

मला रडू आलं आणि संतापही आला. ग्रंथालयाचं काय चुकलं? त्यांनी काय सौंसरातल्या सगळ्या तेरव्या सांभाळायच्या? आधीची वर्षं तिथला कोणी सोशिक माणूस गुपचूप ठेवून घेत असेल आणि तो रिटायर झाला असेल. पण ते 'सधन्यवाद' मला लागलं. पलीकडे तो म्हातारा महिन्याभरापूर्वी रंडका झालेला, आणि मी जाऊन सांगू, की तुमची बायको देशानं परत पाठवली?

मी पाकीट उचललं आणि घरी नेलं. माझ्या लग्नातली एक पत्र्याची पेटी होती. त्यातल्या साड्या काढून कपाटात ठेवल्या, पेटीत डांबरगोळ्या टाकल्या आणि काकूंची पत्रिका तळाशी ठेवली. मनात म्हटलं, एवढं एकदाच.

एकदाच कसलं. पुढच्या महिन्यात दोन आली. मग पोस्टमनही शहाणा झाला. "काकू, देशाचं वापस आलं," असं हळूच म्हणून पाकीट काउंटरखाली सरकवायला लागला. बाबूजी शनिवारी पाठवत राहिले, ग्रंथालय सधन्यवाद करत राहिलं आणि मी डांबरगोळ्या घेत राहिले. घरचे म्हणायचे, पेटीत सोनं आहे की काय. मी म्हणायची, आहे.

पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर छिंदवाड्यातून त्यात गेलं, तेव्हा तर कहर झाला. सगळ्यांना नवी लेटरहेड पाहिजेत. छिंदवाडा काढा, पांढुर्णा टाका. बाजारपेठेत छापखान्यांना अशी सुगी कधी आली नव्हती. बाबूजी प्रत्येकाला म्हणायचे, "राजपत्र दाखवा."

"अहो बाबूजी, टीव्हीवर सांगतलं ना."

"टीव्हीवर तं रोज पाऊसबी सांगते."

गिऱ्हाईक हसत हसत पांढुर्ण्याच्या कॉम्प्युटरवाल्याकडे जायचं आणि तासाभरात काम करून घ्यायचं. राजपत्राची प्रत बाबूजींना मिळाली तोपर्यंत सगळ्या गावाची लेटरहेड बदलून झाली होती. त्यांनी स्वतःच्या छापखान्याचं तेवढं छापलं. जुन्या जिल्ह्याचं शेवटचं आणि नव्या जिल्ह्याचं पहिलं, अशी दोन्ही त्या शनिवारी गेली. वीस दिवसांनी दोन्ही माझ्या पेटीत आली.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या हिवाळ्यात सुजाता आली.

लोधीखेड्याकडची मुलगी, तिशीतली, कडेवर एक लेकरू. तिचा नवरा शेजारच्या तालुक्यात नगरपालिकेत पाण्याच्या पंपावर कामाला होता. पंपावरच विजेचा झटका लागून गेला. त्याच्या जागी तिला नोकरी मिळायची होती. तर सासरच्यांनी लिहून दिलं की आमच्या मुलाचं लग्नच झालं नव्हतं, नोकरी त्याच्या भावाला द्या. नोंदणी केलेली नव्हती. फोटो सासरी, आणि ते म्हणतात आमच्याकडे काही नाही. बुद्धविहारात लग्न लावणारे भंतेजी वारले. ऑफिसातले साहेब म्हणाले, बाई, लग्नाचा काही सबूत असेल तर सुनावणीला आण. सुनावणी दहा दिवसांवर.

"बाबूजी," ती म्हणाली, "माह्या लग्नाची पत्रिका तुमच्याकडंच छापली होती. एखांदी असंन तं पाहा ना."

बाबूजींची स्वतःची एक प्रत असायची, पण ती फाइल दोन पावसाळ्यांपूर्वी उधईनं खाल्ली होती. तरी त्यांचा चेहरा उजळला. मी भिंतीला टेकून ऐकत होते, म्हणजे दारातच उभी होते. त्यांनी वही काढली, भिंग लावलं, बोट फिरवलं, पाकिटाचा नंबर काढला आणि त्या मुलीला म्हणाले, "घाबरू नको माय. तुही पत्रिका देशाच्या ग्रंथालयात हाय."

आठ वर्षांपूर्वीचं लग्न. म्हणजे देशाच्या ग्रंथालयात नाही, माझ्या पलंगाखाली.

त्यांनी त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पत्र टाकलं. पाच दिवस वाट पाहिली. सहाव्या दिवशी मी पाहते तर छापखान्यात पिशवी भरणं चाललेलं. दोन शर्ट, भिंग, पावत्यांची वही, दशम्या.

"कुठं निघाले?"

"जाऊन येतो. पांढुर्ण्याहून गाडी हाय संध्याकाळची. दीड दिवस जायले, दीड दिवस यायले. सुनावणीच्या आत येतो."

"रिझर्व्हेशन?"

"उभा राहीन. लेकरावाल्या बाईची नोकरी हाय शोभाबाई. अन् पत्रिका तिथं हाय, हे मी छातीवर हात ठेवून सांगतलं तिले."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू. तो दीड दिवस उभा राहून जाणार, दारात त्याला कोणीतरी सभ्य भाषेत सांगणार, आणि इकडे सुजाताची सुनावणी रिकाम्या हातानं होणार. मी दुकान तसंच टाकलं आणि घरी धावले. पेटी ओढली, पाकिटांचे नंबर पाहत पाहत खाली गेले. सापडली. वर बुद्धाचं चित्र, 'मंगल परिणय', दोघांची नावं. आणि खाली, निमंत्रक म्हणून सासूचं नाव, स्वागतोत्सुक म्हणून दिराचं. ज्यानं लिहून दिलं होतं की लग्न झालंच नाही, तोच पाहुण्यांच्या स्वागताला उत्सुक होता. सर्वांत खाली बारीक अक्षरात बाबूजींच्या छापखान्याचं नाव.

मी पत्रिकेवर हलकी इस्त्री फिरवली. ग्रंथालयाकडून परत आलेलं एक पाकीट घेतलं, त्यावर त्यांचा छापील पत्ता होताच, पत्रिका आत घातली, डिंक लावला. बाबूजी शटर ओढत होते तेवढ्यात पोचले.

"बाबूजी, दुपारी तुम्ही झोपले होते तवा आलं. तुमच्या ग्रंथालयाचं."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. पाकीट फोडायच्या आधी उलटसुलट पाहिलं. मग भिंग लावलं आणि तिकिटावरचा शिक्का पाहिला. बराच वेळ पाहिला. शिक्क्यावरची तारीख कितीतरी जुनी होती, हे मला तेव्हा आठवलं. मग त्यांनी पत्रिका बाहेर काढली, तिचा वास घेतला.

"डाकखातं लय सुधरून राह्यलं," ते म्हणाले.

मी त्यांची पिशवी उचलून बाजूला ठेवली.

"अन् ग्रंथालयातबी डांबरगोळ्या टाकतात वाटते."

"टाकत असतील ना."

"चांगली हाय व्यवस्था," बाबूजी म्हणाले, आणि दशम्या परत डब्यात ठेवल्या.

सुनावणीला ते स्वतः गेले, मुद्रक म्हणून. सुजातानं नंतर सांगितलं. साहेबांनी पत्रिका मोठ्यानं वाचली. दिराचं नाव आलं तेव्हा त्याला विचारलं, हे तुम्हीच का. दीर म्हणाला, अशा पत्रिका कालसुद्धा छापून आणता येतात. मग बाबूजींनी वही उघडली आणि त्या शनिवारची पोस्टाची पावती आणि शेजारी लिहिलेली पाकिटातल्या पत्रिकांची यादी दाखवली. साहेब म्हणाले, "पन ये आप भेजते क्यों थे?" बाबूजी म्हणाले, "साहब, आजच के लिए." सुजाताला नोकरी लागली. पंपावर नाही, ऑफिसात आवक-जावक विभागात. येणाऱ्या प्रत्येक कागदाला ती पोच देते, हे ऐकून बाबूजी खूप वेळ हसले होते.

पण माझ्याशी त्यांनी त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. चार दिवस मी भिंतीकडे पाठ करून शिवत बसले. वाटत होतं, ते विचारतील, आणि विचारलं तर मी काय सांगू. पंचेचाळीस वर्षांचं काम मी एका पेटीत कोंबून ठेवलं, आणि त्यातही अकरा वर्षांचंच. बाकीचं कुठं गेलं, देव जाणे. खोटं मी बोलले होते आणि भोगणार ते होते.

शनिवारी सकाळी ते आले. नेहमीसारखे आंघोळ करून, कपाळाला बुक्का. हातात खाकी पाकीट, तीच दोरी, तोच नंबर, तोच पत्ता. पोस्टात न जाता ते माझ्या दुकानात आले आणि पाकीट काउंटरवर, फॉलच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवलं.

"घ्या," म्हणाले. "पोस्टाचं जाणं-येणं वाचलं."

मी हातातली साडी बाजूला ठेवली. मी म्हटलं, "बाबूजी, माह्यं चुकलं."

"किती वर्षाचं हाय?"

"अकरा."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मध्येच थांबले. मग आवाज एकदम खाली आला. "मंग सुमनची बी तुमच्याचकडं असंन."

"हाय," मी म्हटलं. "सगळ्यात पहिली काकूचीच हाय. तळाशी, साडीच्या कपड्यात गुंडाळून."

ते बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच ठेवलं. थोड्या वेळानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसून म्हणाले, "पावतीबुक काढा."

माझं पावतीबुक त्यांनीच छापलेलं. फॉल, पिको, ब्लाऊज, असे रकाने. "ह्या पाकिटाची पोच देऊ?" मी विचारलं.

"ह्याची मागून. पहिली तिची फाडा."

मी लिहिलं. 'कै. सौ. सुमन पुंडलिक कळंबे यांच्या तेरवीची पत्रिका, नग एक, मिळाली.' खाली सही केली. त्यांनी ती भिंगाखाली धरली. इतक्या वर्षांची सवय, चूक सापडल्याशिवाय कागद सोडायचे नाहीत. परत माझ्यापुढे ठेवली.

"काय राह्यलं?"

"लिहा, सांभाळून ठेवली आहे."

मी लिहिलं. त्यांनी पावती चौघडी घालून खिशात ठेवली, वरून हातानं दाबून पाहिली आणि जामसांवळीची बस गाठायला निघाले.